ठरावातलं पाणी

मी कविता लिहितो हे माझ्या गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नाही. मी नगरपरिषदेत कारकून आहे हे मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. जन्माचा दाखला, घरपट्टीचं बिल, नळाचा अर्ज, असं काही अडलं की लोक घरी येतात. चहा घेतात आणि जाता जाता मुनसिपाल्टीला चार शिव्या देऊन जातात. तीस वर्षांत मला त्याची सवय झाली आहे.

नोकरीला लागलो तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी मला सभेचं इतिवृत्त लिहायला शिकवलं. माझा पहिला मसुदा त्यांनी वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कविराज, इथे विशेषण घालायचं नाही. सूचक कोण, अनुमोदक कोण आणि ठरलं काय, एवढंच लिहायचं. कोण चिडलं, कोण रडलं, ते घरी जाऊन लिहा." मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. पण इतिहास कसा लिहिला जातो, आणि त्यातून काय काय गळून जातं, हे मला खरं कळलं ते त्या दिवशी.

म्हणून आज मला लढायांबद्दल, किल्ल्यांबद्दल किंवा राजांबद्दल बोलायचं नाही. बोलायचं आहे ते शंभर वर्षांपूर्वीच्या एका लहान गावाच्या नगरपालिकेबद्दल आणि तिनं केलेल्या एका ठरावाबद्दल. ठराव साधाच होता. दिवाबत्ती, जकात आणि गटारं यांच्या शेजारी सहज बसावा असा. पण तो ठराव पुढे साऱ्या देशाला पुरून उरला.

आधी त्या काळच्या नगरपालिकेचा कारभार डोळ्यांपुढे आणू या. लॉर्ड रिपन यांनी १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. त्याच्या पाठोपाठ आपल्या मुंबई इलाख्यात १८८४ चा कायदा आला आणि नगरपालिकांत निवडून आलेल्या सभासदांना थोडी अधिक जागा मिळाली. पुढे १९०१ मध्ये मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा झाला. मुंबई शहराचा कायदा वेगळा होता. इलाख्यातल्या इतर गावांचा आणि शहरांचा कारभार या १९०१ च्या कायद्यानं चाले. त्यात नगरपालिकेची कामं नेमून दिली होती. रस्ते झाडायचे, त्यांवर दिवे लावायचे, आग विझवायची, मैला उचलायचा, देवी टोचायच्या, जन्ममृत्यूची नोंद ठेवायची, दवाखाना आणि प्राथमिक शाळा चालवायची. आणि पाणी पुरवायचं.

सभासद काही निवडलेले असत, तर काही सरकारनं नेमलेले. मत देण्याचा हक्क कर भरणाऱ्या मोजक्या लोकांना. वर कलेक्टरसाहेबांची नजर. हातात पैसा बेताचाच. जकातीच्या नाक्यावर जे जमेल ते आणि घरपट्टीतून जे वसूल होईल ते. त्यामुळे सभेपुढे विषय कसले यायचे? रॉकेलचे दिवे किती वाजेपर्यंत ठेवायचे, गटारावर फरशी टाकायची की नाही, विहिरीचा गाळ कधी काढायचा, कुणाच्या ओट्यामुळे रस्ता अडला आहे. प्लेगची साथ आली की त्यात आणखी भर. आज आमच्या विषयपत्रिकेवर दिव्यांचे प्रकार बदलले आहेत, ओटे मात्र तेच आहेत!

हा कारभार क्षुल्लक वाटतो, पण मोठी माणसं त्यात उतरली होती. महात्मा फुले १८७६ पासून १८८२ पर्यंत पुणे नगरपालिकेचे सभासद होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नामदार गोखले तिचे अध्यक्ष होते. सरदार पटेल १९२४ ते १९२८ या काळात अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. ही माणसं गटारांच्या आणि नळांच्या चर्चेत तासन् तास बसली, कारण सामान्य माणसाची आणि सत्तेची पहिली गाठ तिथंच पडते हे त्यांना ठाऊक होतं.

पण या सभागृहांत एक जागा बरीच वर्षं रिकामी होती. गाव झाडणारी, मैला वाहणारी, मेलेली जनावरं ओढून नेणारी माणसं नगरपालिकेला रोज लागत. ती सभागृहात मात्र नसत. त्यांनी झाडलेल्या रस्त्याच्या कडेला जी सार्वजनिक विहीर असे, तिच्यावर त्यांनी जायचं नाही, असा गावोगावचा रिवाज होता. फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो घरचा हौद होता. गावाच्या हौदाचं काय, हा प्रश्न तसाच राहिला.

आता कोकणात, महाडला येऊ या. सावित्री नदीकाठचं, रायगडाच्या परिसरातलं हे जुनं बंदराचं आणि व्यापाराचं गाव. तेव्हा ते कुलाबा जिल्ह्यात होतं. १९८१ मध्ये त्या जिल्ह्याचं नाव रायगड झालं. महाडच्या मुलखात अस्पृश्य समाजातून पलटणीत गेलेली आणि तिथं लिहायला-वाचायला शिकलेली माणसं होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे त्यांतले फार महत्त्वाचे. पलटणीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवली. १८९५ मध्ये सरकारनं त्यांना महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर नेमलं. तेव्हा उच्चवर्णीय सभासदांना ते रुचलं नाही, आणि वर्तमानपत्रांतून त्यावर बराच वादही झाला. एका माणसानं सभेच्या खोलीत एका जागेवर बसायचं, एवढाच तो प्रश्न होता!

याच महाडात चवदार तळं आहे. पावसाच्या पाण्यावर भरणारं मोठं तळं. भोवती रस्ते, रस्त्यांपलीकडे घरं. कोकणात पाऊस धो धो पडतो, पण पाणी डोंगरावरून वाहून खाडीला जातं आणि उन्हाळ्यात घसा कोरडा पडतो. तेव्हा अशा तळ्याचं मोल काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

महाड हे तालुक्याचं ठिकाण. आजूबाजूच्या खेड्यांतले महार बाजाराला तिथं येत. गावकामगार म्हणून सरकारी टपाल आणि वसुलीचा पैसा तालुका कचेरीत पोचवायलाही तेच येत. म्हणजे सरकारचा पैसा त्यांच्या हाती सुरक्षित होता, पण सरकारी कायद्यानं चालणाऱ्या नगरपालिकेच्या तळ्यात तोच हात घालायला मनाई होती. तहान लागली तर गावाबाहेर आपल्या वस्तीतल्या विहिरीपर्यंत जायचं. तळ्यावर स्पृश्य हिंदू पाणी भरत. मुसलमानांनाही तिथं मज्जाव नव्हता. गुरंढोरं पाणी पीत. अडवणूक होती ती फक्त अस्पृश्यांची.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. बोले हे भंडारी समाजातले पुढारी. ठरावाची भाषा अगदी कचेरीची. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या, आणि सरकारनं नेमलेल्या अथवा कायद्यानं निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या सर्व विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, तसंच शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखानेही, असा त्याचा आशय. हा ठराव दयेबद्दल किंवा धर्माबद्दल बोलत नाही. तो फक्त एवढंच विचारतो की पैसा कुणाचा? पैसा सर्वांचा असेल तर पाणीही सर्वांचं.

पुढे काय होतं हे आम्हा कारकुनांना पाठ असतं. कागद खाली उतरू लागतो. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारनं हुकूम काढला. सरकारी मालकीच्या ठिकाणी खातेप्रमुखांनी ठराव अमलात आणावा, असं त्यात होतं. नगरपालिका आणि लोकल बोर्डांच्या बाबतीत मात्र हात राखून काम केलं. कलेक्टरांनी त्यांना या शिफारशीचा विचार करण्याचा सल्ला द्यावा, एवढंच. 'विचार करण्याचा सल्ला' म्हणजे काय हे कचेरीत काम केलेल्या माणसाला विचारा. फाईल कपाटात ठेवायला याहून चांगली जागा नाही.

पण महाडच्या नगरपालिकेनं फाईल कपाटात ठेवली नाही. ५ जानेवारी १९२४ रोजी तिनं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं करण्याचा ठराव केला. त्या काळात महाडमध्ये सुरेंद्रनाथ ऊर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सुधारकी वळणाची माणसं सार्वजनिक कामात होती. पुढे सत्याग्रहाच्या वेळी टिपणीसच नगरपालिकेचे अध्यक्ष होते. इलाख्यातल्या अनेक मोठ्या गावांना जे सुचलं नाही ते या लहान गावाला सुचलं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

ठराव झाला. मग पुढची तीन वर्षं काय झालं? काहीच नाही. एकाही अस्पृश्य माणसानं तळ्यातून पाणी घेतलं नाही, कारण घेतलं तर काय होईल हे त्याला नीट माहीत होतं. नगरपालिकेनंही कुणाला हात धरून तळ्यापर्यंत नेलं नाही.

आमच्याकडे ठरावाच्या नोंदवहीत शेवटी एक रकाना असतो, 'केलेली कार्यवाही'. मी ज्या कार्यालयात काम केलं त्याचं नाव सांगत नाही, पण तिथं मी कित्येक ठरावांपुढे तो रकाना कोरा पाहिला आहे. एका वस्तीला नळ देण्याचा ठराव मीच माझ्या अक्षरात लिहिला होता. सूचक होते, अनुमोदक होते, 'सर्वानुमते मंजूर' होतं. पाच वर्षांनी त्या वस्तीतली एक म्हातारी खिडकीशी आली. मी तिला वही उघडून दाखवली, "मावशी, हे बघा, मंजूर आहे." तिनं वहीकडे पाहिलं नाही. म्हणाली, "लेकरा, ह्यातनं हंडा भरतो का?" त्या रात्री मला कविता सुचली नाही.

महाडच्या ठरावाचा तो कोरा रकाना कुणी भरला? ज्यांच्यासाठी ठराव होता त्यांनीच. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या त्या भागातल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी खेडोपाडी पायपीट केली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. हजारो माणसं आली. आलेल्यांना प्यायला पाणी हवं, म्हणून स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, अशी नोंद धनंजय कीर यांच्या आंबेडकर चरित्रात आहे. गावात नगरपालिकेचं भरलेलं तळं होतं, ते खुलं असल्याचा ठराव होता, आणि तरी पाणी विकत! त्या चाळीस रुपयांत सारा हिशेब आला.

२० मार्चला परिषदेची माणसं रांगेनं, शांतपणे तळ्याकडे निघाली. बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि ते प्यायले. मग बाकीचे प्यायले. चळवळीच्या इतिहासात या क्षणावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. मी कारकून म्हणून त्यात एक गोष्ट पाहतो. ही माणसं कायदा मोडायला गेली नव्हती. तीन वर्षांपूर्वी रीतसर मंजूर झालेल्या ठरावाची अंमलबजावणी करायला ती गेली होती.

पुढचा भाग दुःखाचा आहे. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली. जमाव काठ्या घेऊन निघाला आणि परतीच्या वाटेवरच्या, जेवत बसलेल्या माणसांवर हल्ले झाले. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. मग तळं 'शुद्ध' करण्यात आलं. तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसलं, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही त्यात ओतून मंत्र म्हटले गेले.

आणि नगरपालिका? ४ ऑगस्ट १९२७ रोजी तिनं १९२४ चा आपला ठराव रद्द केला. तारीख पाहा. बोल्यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला त्याला त्याच दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती. मधल्या काळात, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, बोल्यांनी आणखी एक ठराव आणला होता. जी नगरपालिका किंवा लोकल बोर्ड हा हक्क देत नाही त्यांना सरकारनं अनुदान देऊ नये, असा. तरीही महाडात हे झालं. ठराव कागदावर होता तोवर तो कुणाला खुपला नाही. तो पाण्याला लागला तेव्हा खुपला.

मला त्या सभेचा विचार नेहमी अस्वस्थ करतो. ठराव रद्द करणाऱ्या सभेचंही इतिवृत्त कुणा कारकुनानं लिहिलं असेल. विषय, सूचक, अनुमोदक. विशेषण नाही. त्याला काय वाटलं असेल? की काहीच वाटलं नसेल?

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा महाडला परिषद आणि सत्याग्रह करायचा ठरलं. आता मंडपाला जागा देईना कोणी, दुकानदार माल देईनात. तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. इकडे महाडच्या काही स्पृश्य हिंदूंनी दावा दाखल केला की तळं आमचं खासगी आहे. १४ डिसेंबरला कोर्टानं तात्पुरता मनाईहुकूम दिला. २५ डिसेंबरला परिषद भरली, त्या रात्री मनुस्मृतीचं दहन झालं. पण तळ्याच्या बाबतीत बाबासाहेबांनी कोर्टाचा हुकूम पाळायचं ठरवलं. लोकांनी मिरवणुकीनं तळ्याला वळसा घातला आणि पाण्याला हात न लावता ते परतले. ज्यांच्या हाती हुकूम मोडण्याइतकी माणसं होती त्यांनी कायद्यावर भरवसा ठेवला. नगरपालिकेनं स्वतःचा शब्द फिरवला होता, यांनी फिरवला नाही.

मग खटला चालला तो दहा वर्षं. महाडच्या कोर्टात दावा १९३१ मध्ये फेटाळला गेला. ठाण्याला अपील झालं, ते १९३३ मध्ये फेटाळलं. शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टानं निकाल दिला. खंडपीठात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड होते. १९२२ मध्ये अहमदाबादला महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश ते हेच.

या खटल्यात प्रश्न कोणते होते? तळं कुणाच्या मालकीचं? आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची वहिवाट कायद्याला मान्य होईल इतकी जुनी आहे का? मालकीच्या प्रश्नाचं उत्तर आलं की तळं नगरपालिकेचं आहे. १९०१ च्या कायद्यानं गावातली सार्वजनिक तळी, विहिरी, रस्ते नगरपालिकेकडे येत होते. वहिवाटीच्या प्रश्नाचं उत्तर आलं की ती अनादि काळापासून चालत आल्याचं सिद्ध झालेलं नाही. दावा फेटाळला.

म्हणजे पाहा. ज्या नगरपालिकेनं भीतीपोटी आपला ठराव गुंडाळला, तिची मालकी मात्र अस्पृश्यांच्या कामी आली. तळं पंचांचं असतं, देवस्थानचं असतं, कुणा घराण्याचं असतं, तर निकाल कसा लागला असता कोण जाणे. ते गावाचं होतं. गाळ काढणं, काठ सांभाळणं, भोवतीचे रस्ते राखणं, ही सगळी कंटाळवाणी कामं म्हणजे 'हे सर्वांचं आहे' असं रोज थोडं थोडं म्हणत राहणं असतं. ज्याला आपण मुनसिपाल्टीचा रटाळ कारभार म्हणतो त्याच्यात ही ताकद आहे. ती जागी करायला मात्र तहानलेला माणूस लागतो.

आता थोडं माझ्या घरचं सांगतो. महाडचा इतिहास सांगताना आम्ही मुसलमान दोन गोष्टी छाती फुगवून सांगतो. आमच्या लोकांनी जखमींना घरात घेतलं आणि फत्तेखानांनी जागा दिली. दोन्ही खऱ्या आहेत आणि मलाही त्यांचा अभिमान आहे. पण मघाशी मी एक वाक्य बोलून गेलो ते परत ऐका. तळ्यावर मुसलमानांना मज्जाव नव्हता. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आम्ही ते पाणी भरत होतो, आणि शेजारून तहानलेला माणूस पुढे जात होता. आम्ही कधी विचारलं का, की याला का नाही?

माझी दादी कोकणातल्या एका लहान गावातली. ती तिच्या तरुणपणची गोष्ट सांगायची. मशिदीजवळच्या विहिरीवर महारवाड्यातल्या बायका यायच्या. दादी पोहरा ओढायची आणि त्यांच्या मडक्यांत वरून पाणी ओतायची. "कुणाला तहानलेलं पाठवलं नाही रे," असं ती समाधानानं म्हणायची. लहानपणी मला दादी फार मोठ्या मनाची वाटे. ती होतीच. पण वयाची चाळिशी ओलांडल्यावर कधीतरी एक प्रश्न माझ्या मनात आला. दादीनं पाणी वरून का ओतलं? दोर त्या बायकांच्या हातात का नाही दिला? आमच्या दीनात तर सगळे एका सफेत उभे राहतात. मग विहिरीवर रांग वेगळी कशी झाली? विचारायला दादी उरली नव्हती. उत्तर मात्र मला माहीत आहे. गावाचा रिवाज आमच्याही विहिरीत उतरला होता.

म्हणून बोल्यांच्या ठरावातला तो कोरडा शब्द मला आता कवितेच्या ओळीइतका प्रिय वाटतो. 'सार्वजनिक पैशातून चालवलेल्या.' दादीची दया चांगलीच होती, पण तिच्यात दोर दादीच्याच हातात राहत होता. ठरावात दोर ज्याचा त्याच्या हातात येतो. माणसाला पाणी कुणाच्या भलेपणामुळे मिळू नये, ते त्याचं आहे म्हणून मिळावं.

२६ जानेवारी १९५० रोजी आपली राज्यघटना लागू झाली. तिचं १५ वं कलम काढून वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणत्याही नागरिकाला विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांचा वापर करण्यापासून अडवता येणार नाही, असं त्यात म्हटलं आहे. आणि कोणत्या विहिरी, कोणते तलाव? ज्यांचा खर्च पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून चालतो ते, किंवा जे सर्वांच्या वापरासाठी आहेत ते. १९२३ च्या कौन्सिलातला आणि १९२४ च्या महाडमधला तोच मुद्दा. मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे सांगायची गरज नाही. चवदार तळ्याच्या काठावर ओंजळ भरणारा माणूस देशाच्या घटनेत 'तलाव' हा शब्द पाहतो तेव्हा त्याला कोणतं तळं आठवत असेल, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

आजही दर २० मार्चला महाडला लाखो माणसं येतात, तळ्याचं पाणी ओंजळीत घेतात. नगरपरिषदेच्या लोकांना त्या दिवशी गर्दीची, पाण्याची, झाडलोटीची व्यवस्था पाहावी लागते. हेही मुनसिपाल्टीचंच काम, आणि मला ते योग्य वाटतं.

आमच्या प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर विषय क्रमांक एक ठरलेला असतो, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. बहुतेक सभासद तेव्हा चहाच्या वाटेकडे डोळे लावून असतात. मीही पूर्वी भराभर वाचून मोकळा व्हायचो. हल्ली सावकाश वाचतो, आणि वाचताना शेवटच्या रकान्यावर बोट ठेवतो. नळ मंजूर झाला असं लिहिलं असेल तर सभेनंतर त्या गल्लीतून घरी जातो आणि तोटी सोडून पाहतो. कधी पाणी येतं, कधी नुसतीच हवा फुसफुसते. हवा आली की दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर टिपण ठेवतो. त्यात विशेषण घालत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)